फुप्फुसातील गाठ आणि सोन्याची खूण

कर्करोगावरील उपचारांचे तीन प्रमुख मार्ग सर्वसामान्य जनतेस आता ऐकून माहीत झाले आहेत : शस्त्रक्रिया, औषधोपचार आणि किरणोपचार. यांपैकी किरणोपचारास बडोद्याकडे ‘शेक घेणे’ तर अन्यत्र ‘लाईट घेणे’ असे म्हणतात. या उपचाराविषयी दोन समजुती आपल्या समाजात दृढ आहेत. पहिली अशी की, सर्व उपाय थकल्यावर करावयाचा तो हा अखेरचा उपाय. आणि दुसरी अशी की, किरण वाटेत येईल ते सर्व सरसकट जाळून टाकतात. जुन्या काळातील यंत्रांच्या मर्यादा लक्षात घेता या समजुतींना काही आधार होता. तथापि फुप्फुसात लहान असतानाच सापडलेल्या गाठीच्या बाबतीत परिस्थिती आता पालटली आहे. अशी गाठ निवडक रुग्णांमध्ये शस्त्राचा स्पर्शही न करता, अवघ्या तीन ते पाच बैठकांत, रोग समूळ नष्ट करण्याच्या हेतूने किरणांनी मारता येते.

मात्र यासाठी किरण अचूक जागी पडले पाहिजेत, आणि फुप्फुस हा अवयव तर क्षणभरही स्थिर राहत नाही. ही अडचण दूर करण्याकरिता गाठीत किंवा गाठीच्या लगत सोन्याचे बारीक कण खुणेसारखे बसविण्याची एक पद्धती रूढ झाली आहे. तिचे स्वरूप काय, ती कोणास उपयोगी, तीत धोके कोणते, आणि तिचा लाभ खेड्यातील माणसापर्यंत पोहोचावयाचा असेल तर आपल्यापैकी प्रत्येकाने काय केले पाहिजे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

हलणारे लक्ष्य

प्रौढ मनुष्य विश्रांतीच्या स्थितीत मिनिटाला साधारणपणे बारा ते वीस वेळा श्वास घेतो. प्रत्येक श्वासाबरोबर छाती व पोट यांमधील स्नायूंचा पडदा, म्हणजे श्वासपटल, खाली सरकतो आणि श्वास सोडताच पुन्हा वर येतो. फुप्फुस त्याच्याबरोबर ताणले जाते व आकसते, आणि फुप्फुसातील गाठही त्याच्या मागोमाग वर-खाली होते. फुप्फुसाच्या वरच्या भागातील गाठ फारशी हलत नाही. परंतु श्वासपटलाजवळच्या खालच्या भागातील गाठ एक ते दोन सेंटिमीटर, आणि क्वचित त्याहूनही अधिक सरकते. उपचाराची एक बैठक अर्ध्या तासाची धरली आणि मिनिटाला पंधरा श्वास धरले, तर तेवढ्या वेळात गाठ सुमारे साडेचारशे वेळा आपली जागा सोडते व पुन्हा त्या जागी येते. शिवाय हे हलणे घड्याळाच्या लंबकासारखे नियमित नसते. रुग्णाने सुस्कारा टाकला, त्याला खोकला आला किंवा भीतीने त्याचा श्वास जलद झाला, की चाल बदलते.

मेंदूतील गाठीवर अचूक किरण देण्याचे शास्त्र यापूर्वीच विकसित झाले होते, कारण कवटी हाडाची असते व ती चौकटीत पक्की बसविता येते. स्टॉकहोम येथील मेंदूचे शल्यविशारद लार्स लेक्सेल यांनी १९५१ साली ही कल्पना मांडली आणि १९६८ साली तिच्यावर आधारलेले यंत्र तेथे प्रथम वापरात आले. छातीला मात्र अशी चौकट लावून भागत नाही. बाहेरून माणूस कितीही घट्ट धरला, तरी आतील फुप्फुसाचा व्यापार चालूच राहतो; आणि तो चालू राहणे हेच तर जीवन होय.

कडेचा हिशोब

गाठ हलते म्हणून किरणांचा झोत थोडा मोठा केला तर काय बिघडेल, असा प्रश्न सहज मनात येतो. अनेक वर्षे वैद्यकात हेच केले जात असे. गाठीच्या चहूबाजूंनी निरोगी फुप्फुसाची एक कड झोतात घेतली जाई, म्हणजे गाठ कोठेही सरकली तरी ती झोताबाहेर जाऊ नये. या कडेची किंमत किती पडते, हे एका साध्या हिशोबाने ध्यानात येईल. शाळेतील शिक्षकांना हा हिशोब फळ्यावर मांडून दाखविता येण्याजोगा आहे.

गाठ गोल व तीन सेंटिमीटर व्यासाची आहे असे समजू. गोलाचे घनफळ व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. चहूबाजूंनी अर्धा सेंटिमीटर कड घेतली तर व्यास चार सेंटिमीटर होतो. एक सेंटिमीटर कड घेतली तर तो पाच होतो. तीन, चार व पाच यांचे घन अनुक्रमे २७, ६४ व १२५ होतात. याचा अर्थ असा की, एक सेंटिमीटर कड घेताच किरणांखाली येणारा भाग मूळ गाठीच्या साडेचार पटींहून अधिक होतो, आणि त्यातील सुमारे चार-पंचमांश भाग निरोगी फुप्फुसाचा असतो. हीच कड अर्ध्या सेंटिमीटरवर आणता आली, तर एकूण भाग जवळजवळ निम्म्यावर येतो.

फुप्फुसाच्या कर्करोगाचे बहुसंख्य रुग्ण वयस्क असतात. अनेकांची फुप्फुसे वर्षानुवर्षांच्या विडीने किंवा चुलीच्या धुराने आधीच दुबळी झालेली असतात. अशा माणसाला निरोगी फुप्फुसाचा प्रत्येक तुकडा मोलाचा असतो. यास्तव कड कमी करणे हा केवळ नेमकेपणाचा हव्यास नसून, उपचारानंतर त्या माणसाला जिना चढता येईल की नाही, याच्याशी त्याचा संबंध आहे.

दुसरेही एक कारण आहे. जुन्या पद्धतीत किरणांची मात्रा दररोज थोडी थोडी, म्हणजे दोन ग्रे या मापाने, सहा आठवडे देत असत. नव्या पद्धतीत एकाच बैठकीत त्याच्या कित्येक पट, दहा ते अठरा ग्रेपर्यंत मात्रा दिली जाते. एवढ्या मोठ्या मात्रेचा झोत चुकीच्या जागी पडला तर अपाय मोठा, आणि गाठ झोताबाहेर राहिली तर उपचार वाया. म्हणून येथे अचूकतेस पर्याय नाही.

हद्दीच्या दगडाची युक्ती

क्ष-किरणांनी छातीचा फोटो काढला असता हाड पांढरे व हवेने भरलेले फुप्फुस काळे दिसते. लहान गाठ म्हणजे या काळ्या भागातील एक पुसट करडा डाग. बरगडी, हृदय किंवा श्वासपटल आड आले की तो दिसेनासा होतो. उपचार चालू असताना क्षणाक्षणाला अशा पुसट डागाचा माग काढणे यंत्रास कठीण जाते.

शेतकऱ्यास यावरील तोड समजावून सांगण्याची गरज नाही. पुराने बांध वाहून गेले, सर्वत्र सारखाच गाळ पसरला, तरी मोजणीच्या वेळी पुरलेला हद्दीचा दगड सापडला की त्याच्यापासून माप धरून शेताची कड पुन्हा आखता येते. शेत दिसत नसले तरी दगड दिसतो, आणि दगडाचे व शेताचे अंतर ठाऊक असते. फुप्फुसातील सोन्याची खूण ही अशाच हद्दीच्या दगडाचे काम करते. सोने अतिशय घन असल्याने क्ष-किरणांच्या चित्रात ते ठळक पांढरे उमटते. गाठ दिसो वा न दिसो, खूण दिसते. आणि खूण व गाठ यांमधील अंतर सी. टी. स्कॅन या तपासणीने आधीच मोजून ठेवलेले असते.

द्रौपदीच्या स्वयंवरातील मत्स्यभेदाची कथा आपणांस परिचित आहे. वर फिरणाऱ्या माशाकडे न पाहता अर्जुनाने खालच्या प्रतिबिंबावर दृष्टी ठेवून नेम साधला. येथेही यंत्र गाठीकडे पाहत नाही. खुणेच्या छायेकडे पाहून गाठीचा वेध घेते.

खुणेसाठी सोनेच का, याचे उत्तर त्याच्या गुणांत आहे. ते गंजत नाही, शरीरातील द्रवांशी त्याची रासायनिक क्रिया होत नाही, आणि ते चुंबकाकडे ओढले जात नाही. खुणेचा आकार तांदळाच्या दाण्याहून बारीक असतो : जाडी एक मिलिमीटर किंवा त्याहून थोडी कमी, आणि लांबी तीन ते पाच मिलिमीटर. अशा एका खुणेचे वजन सुमारे पन्नास मिलिग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा विसावा भाग भरते. काही ठिकाणी सोन्याऐवजी प्लॅटिनमच्या बारीक तारेचे वेटोळे वापरतात.

एकच खूण असेल तर गाठ कोठे आहे हे कळते, पण ती कोणत्या अंगाला वळली आहे हे कळत नाही. त्यासाठी एका रेषेत नसलेले निदान तीन बिंदू लागतात. म्हणून शक्य तेथे तीन ते पाच खुणा, एकमेकींपासून सुमारे दोन सेंटिमीटर अंतर राखून बसवितात. रुग्णाची प्रकृती तेवढे सोसण्यासारखी नसल्यास एका-दोन खुणांवरही काम भागविले जाते. मात्र मग कड थोडी अधिक ठेवावी लागते.

तंत्राची वाटचाल

डोक्यावरील उपचाराची कल्पना धडाकडे नेण्याचे श्रेय स्वीडनमधील कॅरोलिन्स्का संस्थेतील इंगमार लॅक्स व हेन्रिक ब्लोमग्रेन यांना दिले जाते. १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत त्यांनी रुग्णाचे संपूर्ण धड साच्यात बसवून फुप्फुस व यकृत यांतील गाठींवर मोठ्या मात्रेचे किरण दिले. श्वासाचा प्रश्न मात्र शिल्लक होता. त्यावर दोन वेगवेगळ्या वाटांनी उत्तरे मिळाली.

जपानमधील साप्पोरो येथे, होक्काइदो विद्यापीठात, हिरोकी शिराटो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस एक व्यवस्था उभी केली. गाठीजवळ सोन्याचा बारीक मणी बसवावयाचा, क्ष-किरणांनी सेकंदाला तीस वेळा त्याची जागा पाहावयाची, आणि मणी ठरलेल्या जागी आला तेवढ्याच क्षणी किरण सोडावयाचे. मणी जागेवरून सरकला की झोत आपोआप बंद होतो. रहाटाचा पोहरा काठाशी आला की तेवढ्यातच तो रिता करून घ्यावा, तशी ही रीत आहे.

दुसरी वाट अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील मेंदूचे शल्यविशारद जॉन ॲडलर यांच्या यंत्रातून निघाली. ‘सायबरनाइफ’ या नावाच्या या यंत्राने १९९४ साली पहिल्या रुग्णावर उपचार झाले. नावात सुरी असली तरी यात सुरी नाही. किरण निर्माण करणारे छोटे यंत्र एका यांत्रिक बाहूवर बसविलेले असते व तो बाहू रुग्णाभोवती अनेक दिशांना वळू शकतो. पुढे या यंत्राला श्वासाबरोबर चालण्याची जोड मिळाली. रुग्णाच्या छातीवर लहान दिवे लावतात व कॅमेरा त्यांची हालचाल सतत पाहतो; त्याच वेळी अधूनमधून क्ष-किरणांनी आतील सोन्याच्या खुणा पाहिल्या जातात. बाहेरची हालचाल व आतील खुणेची जागा यांचा मेळ संगणक घालतो, आणि यांत्रिक बाहू गाठीच्या मागोमाग सरकत राहतो. रुग्णाने श्वास रोखण्याची गरज पडत नाही.

खुणा बसविण्याच्या तीन वाटा

पहिली वाट त्वचेतून. सी. टी. स्कॅनच्या साह्याने गाठीची जागा पाहून, बरगड्यांमधील त्वचा औषधाने बधिर करून, पोकळ बारीक सुई आत नेतात व तिच्यातून खूण सोडतात. फुप्फुसाच्या कडेकडील गाठींसाठी ही वाट सरळ व जवळची आहे. परंतु सुईने फुप्फुसाला पडलेल्या छिद्रातून हवा बाहेर येऊन फुप्फुसाभोवती साठण्याचा संभव असतो. हा त्रास विरळा नाही. बहुतेकांच्या बाबतीत साठलेली हवा थोडी असते व आपोआप जिरते. काहींना मात्र छातीत नळी घालून ती काढावी लागते व काही दिवस रुग्णालयात राहावे लागते. ज्यांची फुप्फुसे धुराने आधीच विरलेली असतात त्यांना हा धोका अधिक.

दुसरी वाट श्वासनलिकेतून. दुर्बीण, म्हणजे ब्रॉन्कोस्कोप, तोंडातून किंवा नाकातून श्वासनलिकेत उतरवून तिच्या शाखांतून गाठीपर्यंत जातात व खुणा सोडतात. शाखा पुढे फार अरुंद होत असल्याने, काही केंद्रांत विद्युतचुंबकीय दिशादर्शनाची मदत घेतात. या वाटेने हवा साठण्याचे प्रमाण बरेच कमी राहते. पण कडेच्या गाठीपर्यंत पोहोचणे नेहमीच जमते असे नाही.

तिसरी वाट रक्तवाहिनीतून. जांघेतील शिरेतून बारीक नळी हृदयामार्गे फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत नेऊन, गाठीजवळच्या बारीक फांदीत धातूचे वेटोळे ठेवतात. यात फुप्फुसास छिद्र पडत नसल्याने अतिशय दुबळ्या फुप्फुसांच्या रुग्णांना ही वाट सोयीची ठरते. मात्र तिला विशेष कौशल्य लागते व ती थोड्याच ठिकाणी उपलब्ध असते.

कोणतीही वाट घेतली तरी खूण बसविताच उपचार सुरू करीत नाहीत. नवा पुरलेला दगड जमिनीत बसेपर्यंत थोडा हलतो, तशी खूणही पहिल्या काही दिवसांत सरकण्याचा संभव असतो. क्वचित ती खोकल्याबरोबर बाहेरही पडते. म्हणून साधारणपणे एक आठवडा जाऊ देऊन पुन्हा स्कॅन काढतात व त्यावरून किरणांचा आराखडा आखतात.

रुग्णाने ध्यानात ठेवावयाच्या गोष्टी

खुणा बसविण्याच्या दिवशी किती तास उपाशी राहावयाचे, याची सूचना रुग्णालय देते. ती तंतोतंत पाळावी. रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास ती डॉक्टरांना आधीच सांगावी. आपल्या मनाने बंदही करू नयेत. खुणा बसविल्यानंतर काही तास देखरेखीखाली ठेवून छातीचा फोटो काढतात. घरी गेल्यावर एकाएकी दम लागणे, छातीत तीव्र कळ येणे किंवा खोकल्यातून अधिक रक्त पडणे यांपैकी काहीही झाल्यास रात्र काढण्याची वाट न पाहता तत्काळ जवळचे रुग्णालय गाठावे. बाहेरगावच्या रुग्णाने पहिली रात्र शक्यतो रुग्णालयाच्या गावीच काढावी, हे इष्ट होय.

किरणोपचाराच्या बैठकीत रुग्णास काहीही दुखत नाही. टेबलावर शांत पडून नेहमीसारखा श्वास घेत राहावयाचे असते. पुढील काही आठवडे थकवा जाणवणे, कोरडा खोकला येणे हे होऊ शकते. काहींना दोन ते सहा महिन्यांनी किरणांमुळे फुप्फुसाला सूज येऊन दम लागतो. त्यावर औषध आहे, परंतु त्यासाठी ठरलेल्या तारखांना तपासणीस जाणे आवश्यक आहे. बरगडीजवळच्या गाठीच्या बाबतीत बरगडी दुखणे किंवा तिला तडा जाणे, हेही क्वचित घडते.

फलित व मर्यादा

अमेरिकेत शस्त्रक्रिया सोसण्यासारखी प्रकृती नसलेल्या ५५ रुग्णांवर, तीन बैठकांत मोठ्या मात्रेचे किरण देऊन पाहणी करण्यात आली व तिचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. रोग प्राथमिक अवस्थेत होता व गाठी पाच सेंटिमीटरपेक्षा लहान होत्या. तीन वर्षांनी, ज्या गाठीवर किरण दिले ती आटोक्यात राहण्याचे प्रमाण सुमारे ९८ टक्के आढळले. त्याच काळात जिवंत राहिलेल्या रुग्णांचे प्रमाण मात्र सुमारे ५६ टक्के होते. या दोन आकड्यांमधील अंतर समजून घेणे जरूर आहे. नेम अचूक बसला तर गाठ हटते. परंतु शरीरात अन्यत्र पसरलेल्या रोगावर, किंवा हृदय व फुप्फुस यांच्या जुन्या दुखण्यांवर, या उपचाराची सत्ता चालत नाही.

म्हणून हा उपचार सर्वांसाठी नाही. गाठ लहान आहे, रोग गाठीपुरताच आहे, आणि शस्त्रक्रिया करता येण्यासारखी नाही किंवा रुग्णास ती नको आहे, अशांसाठी तो प्रामुख्याने आहे. प्रकृती चांगली असल्यास शस्त्रक्रिया हाच आजही प्रस्थापित मार्ग होय. गाठ मुख्य श्वासनलिकेच्या किंवा हृदयाच्या अगदी लगत असल्यास मात्रा कमी करून बैठका वाढवाव्या लागतात.

तसेच सोन्याच्या खुणा हा अचूकतेचा एकमेव मार्ग नव्हे. श्वासाच्या प्रत्येक टप्प्यावरील चित्रे देणारा स्कॅन, उपचारयंत्रावरच बसविलेला स्कॅन, ठराविक वेळ श्वास रोखून धरणे, पोटावर हलका दाब देऊन श्वासपटलाची चाल कमी करणे, या उपायांनी अनेक रुग्णालये खुणांशिवायही हा उपचार करतात. मोठी व स्पष्ट दिसणारी गाठ काही यंत्रांना खुणेवाचूनही ओळखता येते. यास्तव डॉक्टरांनी खुणा सुचविल्या नाहीत तर उपचार कमी प्रतीचा आहे असे समजू नये. आणि सुचविल्या तर त्या का हव्यात, कोणत्या वाटेने बसविणार व हवा साठल्यास काय सोय आहे, हे तीन प्रश्न निःसंकोचपणे विचारावेत.

काही शंकांचे निरसन

खुणा पुढे काढाव्या लागतात काय? नाही. त्या जन्मभर शरीरात राहिल्या तरी अपाय करीत नाहीत. त्या खुणांतून स्वतःहून किरण बाहेर पडतात काय? नाही; ते साधे सोने आहे. रुग्णाजवळ मुलांनी बसल्यास त्यांना बाधा होते काय? मुळीच नाही. यंत्र बंद होताच किरण संपतात. रुग्णाने सर्वांबरोबर जेवावे, नातवंडास मांडीवर घ्यावे. एम. आर. आय. तपासणी पुढे करता येते काय? सोने चुंबकीय नसल्याने सामान्यतः अडचण येत नाही. तथापि खुणा बसविल्याचे तपासणीपूर्वी सांगावे व त्याचा कागद जपून ठेवावा.

खरी वेळ गावातच ठरते

एवढे सूक्ष्म तंत्र हाताशी असूनही त्याचा लाभ मिळण्यासाठी एक अट आहे : गाठ लहान असताना सापडली पाहिजे. आपल्या देशात फुप्फुसाच्या कर्करोगाचे बहुतेक रुग्ण रोग पसरल्यानंतरच रुग्णालयात पोहोचतात. त्या वेळी नेम धरण्यासारखे एक लक्ष्य उरलेले नसते.

या विलंबाचे एक मोठे कारण क्षयरोगाशी होणारी गल्लत हे आहे. खोकला, वजन घटणे, थुंकीतून रक्त, छातीच्या फोटोत डाग, ही लक्षणे दोन्ही रोगांत आढळतात. क्षय आपल्याकडे अधिक असल्याने केवळ डाग पाहून क्षयाची औषधे सुरू केली जातात, आणि त्यात कित्येक महिने निघून जातात. दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला असेल तर थुंकीची तपासणी झालीच पाहिजे. ती शासकीय आरोग्य केंद्रांमार्फत विनामूल्य होते. थुंकीत क्षयाचे जंतू सापडले तर औषधे पूर्ण मुदतीपर्यंत घ्यावीत. मात्र जंतू सापडले नाहीत, किंवा औषधे नियमाने घेऊनही डाग कमी न होता वाढत असेल, तर पुढील तपासणीसाठी मोठ्या रुग्णालयात जाण्यास विलंब करू नये. याचा अर्थ प्रत्येक डाग कर्करोगाचा असतो असा नाही. डागाचे कारण निश्चित केल्यावाचून तो सोडू नये, इतकेच सांगावयाचे आहे.

दुसरी गोष्ट याहूनही सोपी आहे. लहान गाठ पुष्कळदा कोणताही त्रास देत नाही. हर्नियाच्या किंवा मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वी, अथवा अपघातानंतर काढलेल्या फोटोत ती अवचित दिसते. अहवालात तिचा उल्लेख असतो. पण मूळ दुखणे बरे झाले की तो कागद घडी घालून ठेवला जातो. म्हणून छातीचा प्रत्येक फोटो व त्याचा अहवाल जपून ठेवावा, आणि नव्या फोटोच्या वेळी जुना डॉक्टरांपुढे ठेवावा. डाग चार वर्षे तेवढाच आहे की सहा महिन्यांत वाढला आहे, हे जुन्या फोटोवाचून सांगता येत नाही. जमिनीचा सातबारा ज्या पेटीत असतो त्याच पेटीत हे कागद असावेत. शिक्षक, ग्रामसेवक व आशा कार्यकर्त्या यांनी घरोघरी एवढे एक सांगितले तरी मोठे काम होईल.

तिसरी गोष्ट अर्थात धुराची. बडोदे, आणंद व खेडा या जिल्ह्यांचा पट्टा विडीच्या तंबाखूच्या पिकासाठी प्रसिद्ध आहे. विडी पानात गुंडाळलेली असल्याने सिगारेटपेक्षा सौम्य, हा समज निराधार आहे. ओढणाऱ्याबरोबर घरातील इतरांनाही तिची झळ लागते. आणि रोग झाल्यानंतर विडी सोडून काय उपयोग, असे म्हणणेही चूक आहे. सोडल्याने उपचार सोसण्याची शक्ती वाढते व श्वास सुधारतो.

कोठे जावे

बडोदे शहरातील सर सयाजीराव जनरल रुग्णालय हे १९४९ साली स्थापन झालेल्या वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न असे मोठे शासकीय रुग्णालय आहे. छातीच्या प्राथमिक तपासणीस तेथून आरंभ करता येतो. वडोदरा जिल्ह्यातच वाघोडिया तालुक्यातील गोरज येथे मुनि सेवा आश्रमाचे कैलास कर्करोग रुग्णालय असून तेथे किरणोपचाराची सोय आहे. अहमदाबाद येथील १९७२ साली स्थापन झालेल्या गुजरात कर्करोग व संशोधन संस्थेत सायबरनाइफ यंत्राची सोय २०२२ साली झाली. शासकीय क्षेत्रातील रुग्णालयात हे यंत्र येणे, ही सामान्य रुग्णाच्या दृष्टीने महत्त्वाची घटना होय. मुंबईच्या परळ भागातील टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ पासून कार्यरत आहे व १९६२ पासून ते अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत आहे. बडोद्यातील मराठी कुटुंबांना मुंबईची वाट जुनी आहे. उलट नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा व तळोदा या भागांतील रहिवाशांना मुंबईपेक्षा बडोदे जवळ पडते. दोन्हींकडील रुग्णांनी अंतर पाहून ठिकाण निवडावे, परंतु आपल्या गाठीस योग्य ती सोय तेथे आहे का, हे आधी विचारून घ्यावे.

खर्चाच्या चिंतेने घरी बसून राहू नये. २०१८ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या किरणोपचारांचा समावेश असून, तिचे कार्ड इतर राज्यांतील संलग्न रुग्णालयांतही चालते. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनाही आहे. कोणत्या पद्धतीच्या किरणोपचारास किती रक्कम मंजूर होते, याची माहिती संलग्न रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून उपचारापूर्वी लेखी घ्यावी.

सोन्याची एक खूण बसविण्यास काही मिनिटे लागतात, आणि तीन खुणांचे सोने दीड गुंजेहूनही कमी भरते. तिच्यामागे मात्र अनेक देशांतील संशोधकांचे दीर्घ परिश्रम उभे आहेत. ते परिश्रम आपल्या गावातील खोकणाऱ्या माणसाच्या कामी यावेत असे वाटत असेल, तर त्याला या आठवड्यात थुंकीच्या तपासणीस पाठवावे, आणि त्याच्या पेटीतील जुना फोटो त्याच्याबरोबर द्यावा.